माहेरची केव

सासूनं चहात साखर घातली, ती स्वतःच्या हातानं ढवळली आणि पेला शीलानपुढे सरकवला, तेव्हा शीलानच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला सहा वर्षं होत आली होती आणि असं कधी घडलं नव्हतं. त्या घरात चहा शीलान करायची, शीलान द्यायची आणि सगळ्यांचा झाला की उरलेला कोमट चहा ओट्यापाशी उभ्यानं प्यायची. त्यात जुलूम वगैरे काही नव्हता, तशी रीत पडून गेली होती इतकंच. "घे, पोरी," आमिना खातून म्हणाली, "आणि माहेरी जाऊन ये. डोंगर हिरवा झाला असेल आता. चार दिवस नको, चांगली वसंत सरेपर्यंत राहा." मग ती उठली, कपाटातून लग्नातल्या सोन्याच्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून शीलानच्या हातात चढवल्या. "मोकळ्या हातांनी माहेरी जाऊ नये. लोक म्हणतील, दुहोकवाल्यांनी पोरीला काही दिलंच नाही." सासूची बोटं उबदार होती. शीलानला एकदम रडू येईलसं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. आपण आजारी आहोत आणि ते फक्त आपल्याला सांगितलेलं नाही, असाही एक विचार मनात येऊन गेला.

इद्रीसनं तिला गाडीनं गावी सोडलं. इद्रीस तसा नाकासमोर चालणारा माणूस. फरशांचं दुकान, दुकानातून मशीद, मशिदीतून घर. वाटेत तो एकदाच बोलला, टायरमधल्या हवेबद्दल. शीलान खिडकीची काच खाली करून बसली होती. ओल्या मातीचा, जनावरांचा, ओकच्या कोवळ्या पालवीचा वास तोंडावर आपटत होता आणि तिला तो सहन होत नव्हता. भूक फार ताणली की अन्नाचा वास सहन होत नाही तसं. दुहोक शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वास दोनच, फिनाईलचा आणि तळणीचा. तिथल्या सज्जाला इद्रीसनं निळी दुधी काच बसवून घेतली होती, समोरच्या गॅरेजातली माणसं वर बघतात म्हणून. काचेतून उजेड येई, पण काही दिसत नसे. पुरुष दुकानात गेले की सासू दाराला बाहेरून कुलूप घालून खालच्या मजल्यावर लेकीकडे जाऊन बसायची. "शहर आहे, पोरी, कुणाचा काय भरवसा." दुपारी इद्रीसचा फोन यायचा. काय चाललंय? काही नाही. बरं. एवढं झालं की फोन बंद. मूल झालं नाही म्हणून कुणी टोचून बोललं नव्हतं, हा त्या घराचा मोठा उपकार, आणि उपकारांबद्दल तक्रार कशी करायची ते शीलानला कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एकदा तिच्या लक्षात आलं, की आपण भांडी घासता घासता नळाशी बोलतोय. म्हणजे मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. "आज उशीर झाला तुला यायला," असं ती नळाला म्हणाली होती.

गावात पोचल्यावर ओढ्यापलीकडच्या उतारावर तिला चिनार दिसली. धाकटी बहीण, पाठीवर कंगर या काटेरी रानभाजीच्या कोवळ्या कोंबांनी भरलेलं पोतं, ओढणी कंबरेला खोचलेली. शीलाननं हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. घशातून नुसती हवा गेली. या गावात बायका ओढ्याच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर पीठ मागतात, भांडतात, पोरांना शिव्या घालतात. शीलानचा आवाज तर लग्नाआधी वरच्या कुरणापर्यंत पोचायचा. आता तो कुठे गेला होता कुणास ठाऊक. शेवटी चिनारनंच तिला पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अगं बया, ही कोण सोन्याची राणी आली? बाबो, सराफाचं दुकान गावात आलंय, बाहेर या."

पुढचे दिवस शीलान चिनारच्या मागे डोंगरात हिंडली. चिनार एकोणीस वर्षांची होती आणि गावाच्या मते थोडी वाया गेलेली, कारण भाजी आणायला पाठवली की ती भाजी कमी आणायची आणि बातम्या जास्त. कड्याच्या खोबणीत एक राखी रंगाचा चिमुकला पक्षी चिखलाचं घरटं लिंपतोय, त्यानं दाराला नळीसारखी मान केलीये. खालच्या कबरस्तानात कासवं जमिनीतून वर आलीत आणि एकमेकांना टकरा मारतायत, सकाळभर खट खट आवाज. कोल्हीण यंदा जुन्या बिळात नाही. वरच्या कुरणाकडे जायचं नसे, तिथे जुन्या लढाईतले सुरुंग अजून होते, पण चिनारला खालचाच डोंगर पुरून उरत होता. ती तासन्‌तास पालथी पडून बघत राही, आणि शीलान तिच्या शेजारी बांगड्या वाजू नयेत म्हणून हात छातीखाली घेऊन पडे. बदामाचा बहर झडून गेला. ओक पोपटी झाले. दगडांमधून लाल फुलं उगवली आणि शेळ्यांनी खाऊन टाकली. जमीन पोटाला गार लागे, मुंग्या मनगटावरून चालत, आणि शीलानला आपल्याला कातडी आहे हे नव्यानं समजत होतं. हळूहळू आवाजही परत आला. आधी गुणगुणणं, मग हसणं, मग एक दिवस ती ओढ्याकाठून ओरडली, "दाये, भाकरी लाव," आणि आईनं तंदूरपाशी बसल्या बसल्या "ऐकलं गं ऐकलं, बहिरी नाही झाले" असं उत्तर दिलं, तेव्हा शीलान तिथेच खडकावर बसून राहिली.

त्या सुखात पाणी कुठेतरी मुरतंय हे तिला कळत होतं. गावातल्या बायका येत आणि तिचं मनगट हातात धरून बांगड्या वरखाली सरकवत. "सुखात आहेस, दिसतंच आहे. गालावर कांती आलीये." कांती डोंगरातल्या उन्हाची होती, पण ती दुहोकच्या खात्यावर जमा होत होती. आई विचारी, सासू कशी आहे, जेवायला काय करता, आणि शीलान हसून म्हणे, चांगलं आहे सगळं. खोटं काय होतं त्यात? शेवटी एका सकाळी बापानं, मीकाईलनं, ओसरीवर पाखरांचे पिंजरे साफ करता करता सांगून टाकलं. "तुला इतकं आनंदात बघून माझा जीव भांड्यात पडला, बघ. आमिना खातूननं चिनारला मागितलंय. तुझ्या दिरासाठी, रेबरसाठी. मी म्हटलं, आधी थोरलीला पाठवा, ती कशी आहे ते आम्ही डोळ्यांनी बघतो. त्यांनी एका शब्दावर पाठवलं. मोठ्या मनाची माणसं आहेत." शीलाननं विचारलं, चिनारला माहीत आहे? "माहीत आहे. ती म्हणते, शीलान सांगेल तसं. मी काही जबरदस्ती करणार नाही. पोरगी नाही म्हणाली तर नाही." आणि त्यानं फडकं झटकून पिंजऱ्यावर टाकलं.

म्हणजे तो चहा, त्या बांगड्या, ती उबदार बोटं. शीलानला राग यायला हवा होता. राग आला नाही. आला तो एक विचार, आणि तो इतक्या झटकन आला की तो आधीपासून दाराआड उभा असावा: चिनार तिथे आली तर. दोघींनी भांडी घासायची. कुलूप लागलं तरी आत दोघी. चिनार त्या निळ्या काचेला नखानं भोक पाडील, गॅरेजवाल्यांना नावं ठेवील, सासूच्या चालण्याची नक्कल करील. शीलानच्या अंगावर शहारा आला, आणि तो सुखाचा होता. मग तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून गोठ्यात गेली आणि उगाच शेण भरत बसली.

बाप केव पाळायचा. केव म्हणजे डोंगरातली तितराची जात, लाल चोच, लाल पाय, गळ्यात काळी माळ. आमच्या मुलखात या शब्दाला दोन तोंडं आहेत. चालणं डौलदार असेल तर बाप लेकीला लाडानं "माझी केव" म्हणतो. आणि जो माणूस आपल्याच लोकांना शत्रूच्या हाती देतो, त्यालाही केवच म्हणतात, पण तेव्हा ते थुंकून म्हणतात, आणि त्यावरून सुऱ्या निघाल्याचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कारण असं, की वसंतात पाळलेली मादी पिंजऱ्यात घालून डोंगरात नेतात, भोवती घोड्याच्या केसांचे फास मांडतात, आणि ती ओरडली की रानातला नर तिच्या हाकेनं खाली येतो आणि सापडतो. मीकाईल आता म्हातारा झाला होता. पकडलेले नर तो बहुतेक सोडून द्यायचा, पण वसंत आला की गेल्याशिवाय त्याला राहवत नसे. त्या आठवड्यात तो म्हणाला, "चल माझ्याबरोबर, लहानपणी यायचीस तशी," आणि शीलान गेली.

दगडांच्या आडोशामागे दोघं बसली. ऊन नुकतं समोरच्या कड्यावर आलं होतं. बापानं पिंजऱ्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि पिंजऱ्यातली मादी दबून बसली. बराच वेळ ती गप्प होती. मान वळवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघे. शीलान तिच्या गळ्याकडे बघत होती. गळ्याखालची पिसं थरथरत होती, आतल्या आत काहीतरी चाललं होतं, आणि मग एकदम आवाज फुटला, खडबडीत, उंच, एकामागून एक, इतक्याशा देहातून इतका मोठा की शीलान दचकली. कड्यावरून उत्तर आलं. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, दर वेळी जवळून. नर दगडादगडावरून उतरत आला, छाती काढून, मध्येच थांबत. तो अगदी पिंजऱ्याशी आला आणि मादी गप्प झाली. ती गजांशी सरकली. क्षणभर दोघं एकमेकांसमोर नुसती उभी होती, आणि शीलाननं स्पष्ट पाहिलं, की मादीच्या गळ्याची थरथर थांबली आहे. मग नराचा पाय फासात गेला आणि धूळ उडाली. "बघितलंस?" बाप हलकेच हसला. "निमकहराम जात. स्वतःच्या माणसाला धरून देते." शीलान म्हणाली, "धरून द्यायला नाही ओरडत ती, बाबो." "मग कशाला?" "एकटी असते म्हणून." बापानं नराचा पाय सोडवता सोडवता तिच्याकडे पाहिलं. "सहा वर्षं शहरात राहून तू पाखरांची वकील झालीस की काय," तो म्हणाला आणि नराला हवेत उडवून दिलं. मादी पुन्हा ओरडू लागली. बापानं तिच्यावर फडकं टाकलं.

त्यानंतर शीलानला झोप लागेनाशी झाली. दिवसा ती चिनारबरोबर हिंडे, पण बघणं जमेना. चिखलाच्या घरट्यात पिलं आली, त्यांच्या उघड्या चोची पिवळ्या होत्या. शीलानला त्या नुसत्या दिसल्या. तारांवर रंगीत वेडे राघू येऊन बसले आणि मधमाश्या पकडू लागले, गावात ओरड झाली, मधमाश्या पाळणारे गोफणी घेऊन धावले, चिनार त्यांच्याशी राघूंच्या बाजूनं भांडून आली. शीलान तिच्याकडे बघत राही. हे सगळं हिच्यापासून तुटणार. ही तिसऱ्या मजल्यावर काय बघेल? झुरळं? आणि लगेच दुसरा आवाज: बघेल, मला बघेल. आपण हसलो तरी हाक, बांगड्या वाजल्या तरी हाक, नुसतं तब्येतीनं धडधाकट दिसलो तरी हाक. तिनं बांगड्या काढून उशीखाली ठेवल्या, तर आई म्हणाली, "काय झालं, भांडून आलीस का?" आणि तिनं पुन्हा घातल्या. सांगायचं तरी काय? मारतात? नाही. उपाशी ठेवतात? नाही. नवरा बाहेरख्याली आहे? छे. गावातल्या निम्म्या बायकांना यातलं काहीतरी होतं आणि त्या हसतखेळत जगत होत्या. दार बंद असतं, एवढी एकच तक्रार. ती बोलून दाखवली की अगदीच लहान वाटे.

दुहोकचे पाहुणे उत्तर घ्यायला यायच्या दिवशी सकाळी दोघी ओढ्यावर गालिचा धूत होत्या. उन्हाचा चटका आता लागत होता, गवताचे शेंडे पिवळे पडले होते. चिनार गालिच्यावर पाय आपटत होती. ती म्हणाली, "आज तरी बोलशील का? सगळं गाव बोललंय. तू सोडून."

शीलाननं साबण खाली ठेवला. "येऊ नकोस," ती म्हणाली.

"का? रेबर वाईट आहे?"

"नाही. इद्रीससारखाच आहे. गप्प."

"सासू मारते?"

"कुणी हात लावलेला नाही मला."

"मग?"

"दार बाहेरून बंद करतात." शीलाननं एक श्वास घेतला. "बाहेरचं काही दिसत नाही. पाऊस पडला तर नुसता ऐकू येतो. कुणी बोलत नाही, चिनार. म्हणजे बोलतात, पण माझ्याशी नाही. मी नळाशी बोलते. हसू नकोस. खरंच बोलते. आले त्या दिवशी तुला हाक मारायला गेले तर आवाज नव्हता. तिथे तू मरशील. तू पंधरा दिवसांत मरशील. ही पाखरं, हा डोंगर, सगळं... नको येऊस. मी सांगितलं म्हणून सांग. माझं नाव घे."

चिनार हसली नाही. पाय आपटायची थांबली होती. "हे आधी का नाही सांगितलंस?"

शीलान खरं बोलायला बसलीच होती, तेव्हा तिनं तेही सांगितलं. "कारण मला वाटत होतं तू यावंस. फार एकटं वाटतं गं मला तिथे."

हे वाक्य तिनं आयुष्यात कुणापाशी उच्चारलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि तिला हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. गालिचा दोघींनी मिळून पिळला, एकीनं इकडून, एकीनं तिकडून, आणि खडकावर वाळत घातला. परत येताना शीलान पुढे चालत होती आणि तिची मान ताठ होती. आपण केव नाही, असं ती मनाशी म्हणत होती. आपण हाक मारली नाही, उलट हाकलून लावलं. आता संध्याकाळी एकटीनं परतीच्या गाडीत बसायचं, ते कुलूप, ती निळी काच, आणि आता सासूची बोटंही पुन्हा उबदार व्हायची नाहीत. चालेल. तिला बरोबर वागल्याचा असा अभिमान कधी वाटला नव्हता.

दुपारी पाहुणे आले. आमिना खातून बायकांच्या खोलीत लोडाला टेकून बसली, इद्रीस आणि रेबर बाहेर मीकाईलपाशी. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात झाला, ताक झालं, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. सासूनं शीलानला जवळ बसवून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माझी ही थोरली सून म्हणजे घरातला दिवा आहे," ती बायकांना म्हणाली. "एक चढा शब्द नाही हिच्या तोंडून." शीलान उठून स्वयंपाकघरात गेली. चिनार चहाच्या समोवरापाशी उभी राहून पेले भरत होती. शेजारी परातीत पाहुण्यांनी आणलेली मिठाई होती, अजून कागदात बांधलेली. होकार असेल तर ती मुलीच्या घरचे फोडतात आणि आधी वराच्या आईला देतात, नसेल तर तशीच बांधलेली परत जाते. सगळं अदबीनं होतं, कुणी कुणाचा अपमान करत नाही.

"दाये सांगेल ना त्यांना?" शीलाननं हळूच विचारलं. "की मी सांगू?"

चिनारनं दोरा दातांनी तोडला, कागद उलगडला आणि मिठाई ताटलीत मांडायला लागली.

"काय करतेस?"

"वाट सोड."

"चिनार, मी सकाळी तुला काय सांगितलं?"

"सगळं सांगितलंस," चिनार म्हणाली. तिचे डोळे लाल होते. पाहुणे यायच्या आधी ती गायब झाली होती ती रडायला, हे शीलानला आता कळलं. "हसत राहिली असतीस ना, तर मी नाहीच म्हणणार होते. माझं ठरलं होतं. मनात म्हणत होते, ही सुखात आहे, हिला माझी काय गरज. आता तू तिथे नळाशी बोलणार आणि मी इथे कासवं बघत बसू? मला जमणार आहे का ते?"

"मी तुला येऊ नको म्हटलं. ऐकलंस ना? येऊ नको म्हटलं मी."

"ऐकलं. त्याच्यापुढचंही ऐकलं."

तिनं ताटली उचलली, खांद्यानं शीलानला बाजूला केलं आणि ती आत गेली. खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. मग आमिना खातूनचा आवाज आला, "शंभर वर्षं जगशील, पोरी, जगशील," आणि आई रडू लागली, आणि कुणा बाईनं जिभेची ती लांब, थरथरती हाळी दिली, जी फक्त आनंदात देतात. बाहेर पुरुषांना ती ऐकू गेली आणि मीकाईल मोठ्यानं काहीतरी म्हणाला. शीलान स्वयंपाकघरात उभी होती. वसंतभर हसून जे झालं नव्हतं ते एका खऱ्या वाक्यानं होऊन गेलं होतं. आत धावत जावं, ताटली उधळून द्यावी, सासूच्या अंगावर ओरडावं, चिनारच्या दोन थोबाडीत द्याव्यात, हे सगळं तिला दिसत होतं. आता आवाजही होता. तिनं समोवराची तोटी नीट बंद केली. मग ती भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण तिला आनंद झाला होता.